गोचिडीचा वाढता मुलूख

फेब्रुवारी महिना अर्धा सरला कीं दक्षिण कोंकणांतील काजूच्या बागा लाल-पिवळ्या बोंडांनीं भरून जातात. पहांटे उठून, दुपारची भाकरी बांधून घेऊन, घरोघरच्या बायका बागेंत जातात. झाडाखालीं वांकावयाचें, पातेरा हातानें बाजूस सारावयाचा, पडलेलें एकेक बोंड उचलून त्याची बी पिळून काढावयाची आणि टोपलींत टाकावयाची, असा हा उद्योग उन्हें चढेपर्यंत चालतो. वर्षाची मीठमिरची, मुलांचीं पुस्तकें, पावसाळ्यापूर्वीची छपराची डागडुजी, हें सारें त्या बियांवर अवलंबून असतें. अशा एखाद्या बाईला जर आपण सांगितलें, "बाई, ह्या दिवसांत तुम्ही बागेंत जाऊं नका, तेथें गोचिडी आहेत," तर ती आपणांकडे क्षणभर पाहील आणि विचारील, "मग खावयाचें काय?" ह्या प्रश्नाला कांहीं प्रामाणिक उत्तर देतां येईल काय, हें पाहण्यासाठीं आजचें हें भाषण आहे. त्यासाठीं मला आपणांस प्रथम थोडें दूर, अगदीं बर्फाच्या मुलखापर्यंत न्यावें लागेल. परंतु शेवटीं आपण ह्याच बागेंत परत येऊं, असें वचन मी आरंभींच देऊन ठेवतों.

गोचीड ही आपल्याला अपरिचित नाहीं. गाईच्या कासेला चिकटून राहूनहि दुधाऐवजीं रक्तच पिणारी, म्हणून दुर्जनाच्या दृष्टान्ताला ती आपल्याकडे फार दिवसांपासून उपयोगी पडत आली आहे. लहानपणीं संध्याकाळीं गुरें गोठ्यांत आलीं म्हणजे त्यांच्या कानामागच्या गोचिडी वेंचण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. टपोऱ्या द्राक्षासारखी फुगलेली गोचीड हातांत घेतांना किळस येई, पण भीति कधीं वाटली नाहीं. ती भीति वाटावयास हवी होती, हें पुष्कळ उशिरां समजलें.

गोचीड हा खरोखर कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांच्या गोत्रांतील आहे, आणि प्रौढ गोचिडीला त्यांच्याप्रमाणेंच आठ पाय असतात. अंड्यांतून जें पिल्लू बाहेर पडतें त्याला मात्र सहाच पाय असतात. तें कात टाकून मधल्या, म्हणजे अर्धप्रौढ अवस्थेंत जातें, आणि पुन्हां कात टाकून प्रौढ होतें. आज ज्या रानगोचिडींविषयीं मी बोलणार आहें, त्या सबंध आयुष्यांत तीनच वेळां जेवतात: पिल्लू असतांना एकदां, अर्धप्रौढ असतांना एकदां आणि अंडीं घालण्यापूर्वीं एकदां. हीं तीन जेवणें त्या बहुधा तीन निरनिराळ्या यजमानांकडे घेतात. पहिलें एखाद्या उंदराकडे, दुसरें माकडाकडे, तिसरें गाईकडे. पहिल्या यजमानाच्या रक्तांत रोगाचें बीज असलें तर तें पोटांत घेऊन ही पाहुणी दुसऱ्याच्या घरीं जाते. मनुष्य हा तिचा नेहमींचा यजमान नव्हे. तो वाटेंत सांपडतो, एवढाच त्याचा अपराध.

जनावराच्या अंगावरील असल्या क्षुद्र प्राण्यामार्फत रोग पसरतो, हें प्रथम सिद्ध झालें तेंहि गोचिडीच्याच बाबतींत. अमेरिकेच्या दक्षिण भागांतून उत्तरेकडे गुरांचे तांडे नेले कीं वाटेवरील उत्तरेकडचीं गुरें तापानें पटापट मरत. १८९३ सालीं थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न ह्या दोघांनीं हा टेक्सास ताप गोचिडीमुळें पसरतो असें दाखवून दिलें. रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचें बीज पाहिलें तें त्यानंतर चार वर्षांनीं, १८९७ मध्यें. परंतु त्या टेक्सास तापाची एक गोष्ट अमेरिकेंतील गुराख्यांना शास्त्रज्ञांच्या आधींच माहीत होती. उत्तरेंत हिम पडलें कीं ती सांथ आपोआप थांबे. दक्षिणेंत ती कधींच नाहींशी होत नसे. म्हणजे रोगाला एक हद्द होती, आणि ती हद्द थंडीनें आंखलेली होती.

श्रोतेहो, आजच्या विषयाचें मर्म ह्या एका गोष्टींत आहे. गोचिडीच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. भोंवतालची हवा जितकी उष्ण, तितकी तिची वाढ वेगानें होते. हवा थंड झाली कीं ती वाढ थबकते. थंड देशांत अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत तिला दोन-तीन वर्षें किंवा अधिकहि लागतात. उन्हाळा फारच तोकडा असेल तर तिला आपला जीवनक्रम पुरा करतांच येत नाहीं. एखाद्या पक्ष्याच्या अंगावर बसून ती त्या मुलखांत येईल, पण तेथें तिचा वंश टिकणार नाहीं. आतां तोच उन्हाळा वर्षाकांठीं दोन-तीन आठवड्यांनीं लांबला, हिंवाळ्याची धार थोडी बोथट झाली, तर कालपर्यंत जी पाहुणी होती ती आज रहिवासी होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोचीड पाण्याच्या थेंबापाशीं जाऊन तहान भागवीत नाहीं. ती तोंडावाटे क्षारयुक्त लाळ सोडते, ती लाळ दमट हवेंतील वाफ शोषून घेते, आणि मग तीच लाळ ती परत गिळते. म्हणून यजमानाची वाट पाहत गवताच्या पात्यावर बसलेली गोचीड कोरडी पडूं लागली कीं खालीं पालापाचोळ्याच्या ओलाव्यांत उतरते, ताजीतवानी होते आणि पुन्हां वर चढते. ऊब आणि ओलावा ह्या दोन्ही गोष्टी तिला हव्यात. नुसती ऊब वाढून ओलावा नाहींसा झाला तर ती वाळून मरते. म्हणून पृथ्वी तापली कीं सर्वत्र गोचिडी वाढणार, असें सरसकट विधान करणें बरोबर नाहीं. जेथें थंडी ही तिची अडचण होती तेथें वाढती उष्णता तिला वरदान आहे. जेथें कोरडेपणा ही अडचण आहे तेथें हिशेब वेगळा.

पृथ्वी तापत आहे, ह्याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. १८५० ते १९०० ह्या काळाच्या मानानें २०११ ते २०२० ह्या दशकाचें सरासरी तापमान सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें अधिक होतें. एक अंश ऐकून आपण म्हणाल, हें काय मोठेंसें? गोचिडीच्या दृष्टीनें तें किती मोठें आहे, हें पाहण्यासाठीं आतां उत्तरेकडे जाऊं या.

स्वीडनमध्यें १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत आणि पुन्हां १९९५ च्या सुमारास, गोचीड कोठें कोठें आढळते ह्याची माहिती तेथील रहिवाशांकडून गोळा करण्यांत आली. दोन्ही वेळचे नकाशे शेजारीं शेजारीं ठेवतां असें दिसलें कीं तिची उत्तर हद्द आणखी उत्तरेकडे सरकली आहे. एलिझाबेट लिंडग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं ह्या सरकण्याचा संबंध हवामानाच्या नोंदींशीं जोडून दाखविला. कडक थंडीचे दिवस कमी झाले होते, वसंतांतले व शरदांतले ऊबदार दिवस वाढले होते. ह्या यूरोपीय गोचिडीमुळें मेंदूचा दाह करणारा एक ताप होतो, आणि लाइम नांवाचा एक जंतुजन्य रोगहि होतो.

जी गोष्ट उत्तरेची तीच उंचीची. चेक देशाच्या उत्तर सीमेवर क्रकोनोशे नांवाचा पर्वत आहे. गेल्या शतकाच्या मध्यास तेथें सुमारें सातआठशें मीटर उंचीपर्यंतच गोचीड टिकून राही. २००० नंतरच्या वर्षांत ती अकराशें मीटरांच्याहि वर वस्ती करून राहिलेली आढळली. डोंगर तोच, अरण्य तेंच. बदललें आहे तें मुख्यतः हवामान.

अटलांटिकपलीकडे कॅनडांत तर हा बदल एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला. लाइम रोग पसरविणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीची एकच कायम वस्ती तेथें १९९० च्या सुमारास माहीत होती. ती ईरी सरोवराच्या कांठीं, लाँग पॉइंट नांवाच्या वाळूच्या पट्ट्यावर होती. दर वसंत ऋतूंत दक्षिणेकडून येणारे पक्षी हजारों गोचिडी अंगावर घेऊन येत, पण त्यांचा वंश पुढें चालत नसे. मग दक्षिण कॅनडांत तो चालूं लागला. त्या देशांत लाइम रोगाच्या १४४ रुग्णांची नोंद २००९ सालीं झाली होती. २०१७ सालीं ती २,०२५ झाली. डॉक्टरांची जागरूकता वाढली हें ह्या वाढीचें एक कारण आहेच. परंतु जेथें गोचीड नव्हती तेथें ती आली, हें त्याहून मोठें कारण आहे.

आणखी एकच परदेशी उदाहरण देतों, कारण त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. हायलोमा जातीची एक मोठी, पट्टेदार पायांची गोचीड असते. ही गवतावर बसून वाट पाहत नाहीं. सावज दिसलें कीं जमिनीवरून त्याच्या मागें धांवते. क्रिमियन-काँगो नांवाचा रक्तस्रावी ताप ती पसरविते. दक्षिणेकडून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर ह्या जातीचीं पिल्लें जर्मनींत येत, पण तेथील गार हवेंत त्यांना प्रौढ होतां येत नसे. २०१८ सालचा उन्हाळा तेथें असाधारण उष्ण व कोरडा गेला, आणि त्या वर्षीं ह्या जातीच्या प्रौढ गोचिडी जर्मनींत घोड्यांवर सांपडल्या. त्याच तापाचे पहिले सिद्ध झालेले रुग्ण आपल्या देशांत २०११ च्या जानेवारींत गुजरातेंत आढळले होते, आणि त्यांत रुग्णांची शुश्रूषा करणारींहि माणसें बळी पडलीं होतीं. त्या गोचिडी आपल्या गुरांवर पूर्वींपासूनच आहेत. उष्ण देशाला त्यांची वाट पाहावी लागत नाहीं.

इतकें ऐकल्यावर आपणांस वाटेल कीं सगळा अपराध उष्णतेचा आहे. पण थांबा. बाल्टिक समुद्राकांठीं एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया असे तीन लहान देश आहेत. १९९३ च्या सुमारास ह्या तिन्ही देशांत गोचिडीमुळें होणारा मेंदूदाह एकदम कित्येक पटींनीं वाढला. हवामान तर इतकें एकाएकीं बदललें नव्हतें. मग बदललें काय होतें? १९९१ सालीं सोव्हिएत सत्ता कोसळली होती. कारखाने आणि सामुदायिक शेतें बंद पडलीं, लोक बेकार झाले, आणि पुष्कळ जण रानांतून अळंब्या आणि बोरांसारखीं फळें गोळा करून पोट भरूं लागले. सेरा रँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या रोगाच्या नोंदी बारकाईनें तपासून असा निष्कर्ष काढला कीं ही वाढ केवळ हवामानानें उलगडत नाहीं. लोकांच्या उपजीविकेंतील बदल हें तिचें मोठें कारण होतें. म्हणजे गोचिडीचा मुलूख किती, हें ऊब आणि ओलावा ठरवितात. परंतु त्या मुलखांत पाऊल टाकणें कोणाला भाग पडतें, हें पोट ठरवितें. आणि ह्या वाक्याबरोबर, श्रोतेहो, आपण पुन्हां आपल्या काजूच्या बागेच्या कुंपणापाशीं आलों आहों.

आपल्या सह्याद्रींतील कथा सुरू होते ती १९५७ सालीं, तेव्हांच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत. क्यासनूर नांवाच्या रानांत माकडें मरून पडूं लागलीं, आणि त्याच सुमारास भोंवतालच्या खेड्यांतील माणसें तापानें आजारी पडूं लागलीं. एकाएकीं चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंग मोडून निघावें तशा वेदना, कांहींच्या हिरड्यांतून व नाकांतून रक्तस्राव, आणि ताप उतरल्यावर कांहीं दिवसांनीं कांहीं जणांना पुन्हां ताप येऊन मेंदूवर परिणाम, अशीं त्या रोगाचीं लक्षणें होतीं. प्रथम शंका आली ती पीतज्वराची, कारण पीतज्वरांतहि माकडें मरतात. पण पीतज्वर आशिया खंडांत कधीं आलेला नव्हता. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं लवकरच ह्या रोगाचा विषाणु वेगळा काढला, आणि तो रशियांतील गोचिडीच्या मेंदूदाहाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला! तें पुण्याचें केंद्र आज राष्ट्रीय विषाणु संस्था ह्या नांवानें ओळखलें जातें. सायबेरियांतून येणाऱ्या पक्ष्यांनीं हा रोग आणला असेल काय, ह्या शंकेवरून मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें, डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखालीं व जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें, पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांच्या प्रवासाचा मोठा अभ्यास केला. पक्ष्यांवरील तो आरोप सिद्ध झाला नाहीं. पण पक्ष्यांच्या ज्ञानांत मोलाची भर पडली.

ह्या रोगाला शास्त्रांत क्यासनूर अरण्यरोग म्हणतात, आपल्या लोकांनीं त्याला माकडताप हें नांव दिलें आहे. हें नांव माकडावर थोडा अन्याय करणारें आहे. रोग पसरवितें तें माकड नव्हे, तर हेमॅफायसॅलिस नांवाच्या जातीची गोचीड. रानांतले उंदीर आणि चिचुंद्र्या ह्यांच्यांत विषाणु निमूटपणें राहतो. काळ्या तोंडाचें वानर आणि लाल तोंडाचें माकड मात्र त्यानें मरतें. माकड मेलें, त्याचें अंग थंड पडलें, कीं त्याच्यावरील शेंकडों गोचिडी खालीं उतरतात आणि तेवढी जागा विषारी होते. त्या जागेंत पातेरा गोळा करावयास, लांकूडफांटा आणावयास किंवा गुरें चारावयास जो जाईल त्याला त्या डसतात. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाहीं. सरासरीनें शंभरांतील तीन ते पांच रुग्ण दगावतात, आणि जे वांचतात त्यांचा अशक्तपणा कित्येक आठवडे टिकतो. ह्या रोगावर नेमकें औषध नाहीं; रुग्णाची शुश्रूषा करून त्याचें बळ टिकविणें हाच उपचार.

कित्येक वर्षें हा रोग शिमोगा आणि आसपासचे जिल्हे एवढ्यांतच होता. २०१२ नंतर मात्र त्यानें हातपाय पसरले. दक्षिणेस बंदीपूर, निलगिरि, वायनाड; उत्तरेस २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांतील पाळी हें गांव; आणि २०१६ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुका. पुढल्या वर्षीं सावंतवाडी तालुक्यांतील बांद्याच्या बाजूसहि रुग्ण आढळले. ह्या भागांतील रुग्णांत मोठा भरणा होता तो काजू वेंचणाऱ्यांचा.

ह्या पसरण्याचा दोष एकट्या वाढत्या उष्णतेवर टाकणें शास्त्राला धरून होणार नाहीं. रानें तुटलीं, रानाच्या पोटांत बागा आणि वस्त्या शिरल्या, माकडें भुकेपोटीं गांवाकडे सरकलीं, आणि तपासणीच्या सोयी वाढल्यामुळें पूर्वीं जो ताप नुसता ताप म्हणून जाई तो आतां ओळखूं येऊं लागला. परंतु आपल्या घाटांतील गोचिडीचें वर्ष पाहिलें, म्हणजे हवामान कोठें बोट घालूं शकतें हें चटकन् ध्यानांत येतें. पहिला पाऊस पडला कीं प्रौढ गोचिडी गुरांना लागतात आणि मग अंडीं घालतात. पाऊस ओसरला कीं पिल्लें निघतात. नोव्हेंबर-डिसेंबरापासून मे महिन्यापर्यंत खसखशीच्या दाण्याएवढ्या अर्धप्रौढ गोचिडींचा काळ असतो, आणि माणसाला मुख्यतः ह्याच डसतात. म्हणजे त्यांचें सबंध पंचांग पावसावर बांधलेलें आहे. आपल्या देशांत थंडी ही गोचिडीची हद्द नाहीं. तिची हद्द कोरडेपणा, आणि तिचें घड्याळ पाऊस.

आणि तापलेल्या पृथ्वीवर बदलत आहे तो नेमका पाऊस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ ह्या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तीर्ण अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. पाऊस लांबला तर पिल्लें उशिरां निघतील. भर उन्हाळ्यांत अवकाळी सरी आल्या तर पातेऱ्यांतील ओलावा टिकेल आणि वाळून जाणाऱ्या गोचिडींना जीवदान मिळेल. उन्हाळा अति कोरडा झाला तर उघड्या माळावरील गोचिडी मरतील, पण झाडाच्या दाट सावलींतील पातेरा हाच त्यांचा आसरा राहील. आणि काजूची बाग म्हणजे दुसरें काय? दाट सावली आणि तिच्याखालचा पातेरा! अमुक महिना धोक्याचा, अमुक महिना निर्धोक, हें वाडवडिलांच्या अनुभवाचें पंचांग पूर्वींइतकें भरंवशाचें राहणार नाहीं, एवढें ह्यावरून निश्चित समजावें.

मग करावयाचें काय? एकेकाळीं उत्तर सोपें होतें: लस टोंचून घ्या. १९९० पासून कर्नाटकांत ह्या तापावरील लस देण्यांत येत असे, आणि नंतर शेजारच्या भागांतहि ती देण्यांत आली. परंतु तिची शक्ति उणी पडते असें दिसून आलें आणि २०२२ सालीं तिचा वापर थांबविण्यांत आला. नव्या लशीचें काम भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें हातीं घेतलें आहे. ती हातीं येईपर्यंत आपलें संरक्षण आपल्या डोळ्यांत आणि हातांत आहे.

पहिली गोष्ट, मेलेलें माकड ही रानानें धाडलेली तार समजावी. त्याला हात लावूं नये, पुरूं नये, मुलांना जवळ जाऊं देऊं नये. ताबडतोब ग्रामपंचायतीला, वनखात्याला किंवा आरोग्यकेंद्राला कळवावें. तेथें भोंवतालच्या सुमारें पन्नास फूट जागेंत कीटकनाशक भुकटी टाकण्याची पद्धत आहे. ज्या गांवीं ही बातमी दुसऱ्या दिवशीं पोंचते आणि ज्या गांवीं ती दहा दिवसांनीं पोंचते, त्या दोन गांवांच्या नशिबांत फार अंतर पडतें.

दुसरी गोष्ट अंगाची. बागेंत जातांना हातपाय झांकणारे कपडे घालावे, आणि उघड्या भागावर आरोग्यखात्याकडून मिळणारें गोचीड-प्रतिबंधक तेल लावावें. पातेऱ्यावर बसूं नये, निजूं नये. घरीं येतांच कपडे गरम पाण्यांत टाकावे, साबण लावून स्नान करावें, आणि कानामागें, काखेंत, गुडघ्यांमागें, कमरेभोंवतीं गोचीड आहे काय तें एकमेकांनीं पाहावें. चिकटलेली आढळली तर रॉकेल ओतणें, विडीचा चटका देणें, बोटांनीं चिरडणें हे आपले जुने उपाय सोडून द्यावे. बारीक चिमट्यानें, कातडीच्या अगदीं लगत धरून, ती सरळ ओढून काढावी आणि जागा साबणानें धुवावी.

तिसरी गोष्ट घराची. शिमोगा जिल्ह्यांतील रुग्णांची चौकशी करण्यांत आली तेव्हां असें आढळलें कीं, रानांत वारंवार जाणाऱ्यांप्रमाणेंच, ज्यांच्या घरालगत सुक्या पाल्याचे ढीग असत त्यांनाहि हा रोग अधिक झाला. गोठ्यासाठीं पातेरा आपल्याकडे लागतोच. पण तो राहत्या घराच्या भिंतीला टेकून रचूं नये, आणि गुरांच्या अंगावरील गोचिडी वेळच्या वेळीं औषधानें घालवाव्या.

चौथी गोष्ट तापाची. डिसेंबर ते मे ह्या काळांत, किंवा पाऊस मागेंपुढें झाला असेल तर त्याच्याहि अलीकडे-पलीकडे, रानांत किंवा बागेंत जाणाऱ्या माणसाला एकाएकीं जोराचा ताप आला तर "साधा ताप आहे, उतरेल" असें म्हणून घरीं ठेवूं नये. मनानेंच वेदनाशामक गोळ्या घेऊं नयेत. रक्तस्रावाच्या रोगांत त्यांपैकीं कांहीं घातक ठरतात. आरोग्यकेंद्रांत जावें, आणि आपण बागेंत जात होतों हें डॉक्टरांना आपण होऊन सांगावें. पहिल्या आठवड्यांतच रक्त तपासलें तर रोग ओळखतां येतो, आणि एका रुग्णाचा रोग ओळखला गेला कीं सगळी वाडी सावध होते.

श्रोतेहो, आरंभीं त्या बाईनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. "बागेंत जाऊं नका" हें उत्तर नव्हे. ज्याच्या घरीं महिन्याचा पगार येतो त्यानेंच तें द्यावें. उत्तर असें आहे: "बाई, जा, पण झांकलेल्या अंगानें जा, तेल लावून जा, आल्यावर अंग पाहा, आणि माकड पडलेलें दिसलें तर त्या दिवशीं त्या बाजूस जाऊं नका व लगेच कळवा." परंतु हें उत्तर पुरें होण्यासाठीं दुसऱ्या बाजूसहि कांहीं माणसांची गरज आहे. तेल गांवांत हंगामापूर्वीं पोंचलें पाहिजे, हंगाम संपल्यावर नव्हे. माकडाची बातमी घेणारा माणूस बातमी ऐकून जाग्यावरून उठला पाहिजे. बागेच्या मालकानें त्या दिवसाची मजुरी कापली नाहीं, तरच ती बाई खरोखर ती जागा टाळूं शकेल. आणि रक्ताचा नमुना ज्या वाटेनें प्रयोगशाळेकडे जातो ती वाट जितकी आंखूड करतां येईल तितकी करणें हें सरकारचें काम आहे.

हवेंतील उष्णता कमी करणें हें अनेक राष्ट्रांचें आणि अनेक वर्षांचें काम आहे, आणि तें टळतां कामा नये. पण तोंपर्यंत दर वर्षीं फेब्रुवारी महिना येणार आहे, बोंडें पिकणार आहेत, आणि बायका टोपल्या घेऊन बागेंत जाणार आहेत. आपण शहरांत बसून जो काजू तोंडांत टाकतों तो कोणीतरी पातेऱ्यांत हात घालून उचललेला असतो. त्या हाताची काळजी घेणें एवढें तरी आपल्या आटोक्यांत आहे.